चित्राची चौकट कोणी निवडली?

युरोपीय चित्रकलेच्या इतिहासग्रंथांत चित्राचा विषय, रंग, शैली, आश्रयदाता आणि किंमत यांची चर्चा विस्ताराने आढळते. त्या चित्राभोवतीच्या लाकडी चौकटीचा उल्लेख मात्र क्वचितच असतो, आणि पुस्तकांतील छापील प्रतिकृतींमधून तर ती बहुधा कापूनच टाकलेली असते. त्यामुळे चित्र पूर्ण झाल्यावर त्याला शोभेल अशी पाहून मागाहून बसवली जाणारी वस्तू म्हणजे चौकट, असा वाचकाचा समज होतो. पंधराव्या शतकापासूनची करारपत्रे, चित्रकारांचा पत्रव्यवहार आणि प्रत्यक्ष टिकून राहिलेल्या चौकटी यांचा पुरावा या समजाच्या विरुद्ध जातो. चित्राला कोणती चौकट योग्य, हे बहुतेक काळ चित्राकडे पाहून ठरलेच नाही. चित्र ज्याच्या ताब्यात असे त्याची वेदी, त्याचा दिवाणखाना किंवा त्याचे दुकान पाहून ते ठरले, आणि चित्रकाराला या निवडीचा अधिकार मिळाला तो फार थोडा काळ आणि तोही अर्धामुर्धाच.

सुरुवातीला निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण चित्र आणि चौकट ही दोन वेगळी अंगे नव्हती. तेराव्या-चौदाव्या शतकांत इटलीतील वेदीचित्रे, म्हणजे चर्चमधील उपासनेच्या वेदीवर किंवा तिच्या मागे उभी केली जाणारी चित्रे, पॉप्लर लाकडाच्या जाड फळ्यांवर काढली जात. फळी तयार करतानाच सुतार तिच्या कडांना पट्ट्या ठोकून किंवा मधला भाग खोलगट तासून चौकट उभी करी आणि मगच ती चित्रकाराच्या हाती येई. चित्रकार मग मधला सपाट भाग आणि भोवतीच्या पट्ट्या यांना एकच अस्तर देई आणि सोन्याचा वर्खही दोहोंवर एकाच कामात चढवी. म्हणूनच त्या काळच्या चित्रांत संतांच्या मागची सोनेरी पार्श्वभूमी कोठे संपते आणि चौकट कोठे सुरू होते, हे काही ठिकाणी बोट ठेवून सांगता येत नाही.

या वर्खाची कृती चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत तपशीलवार दिली आहे. लाकडाला प्रथम सरसाचा हात द्यायचा, त्यावर जुन्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या, मग जिप्सम आणि सरस यांचे जाडसर अस्तर चढवायचे, आणि ते वाळल्यावर पाण्यात मुरवून मऊ केलेल्या जिप्समचे निदान आठ पातळ हात एकावर एक द्यायचे. हे सारे खरवडून हस्तिदंतासारखे गुळगुळीत झाले की अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेल्या तांबड्या मातीचा लेप द्यायचा, तो पाण्याने ओलसर करून त्यावर वर्ख ठेवायचा, आणि ओल पुरती सुकण्याच्या आत, पण अगदी ओली असतानाही नव्हे, घोटणीने ओप आणायचा. घोटणी दगडाची किंवा कुत्र्यासारख्या मांसाहारी प्राण्याच्या दाताची असे. खालच्या तांबड्या मातीमुळे सोन्याला ऊब येते, आणि कडांवरचा वर्ख झिजला की तीच माती डोकावू लागते. जुन्या चौकटीची पारख करणारे आजही आधी कडाच पाहतात. मराठी वाचकाला या कृतीत तंजावर चित्रांची आठवण होणे साहजिक आहे. तंजावरच्या मराठा राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) आश्रयाने बहरलेल्या त्या शैलीतही लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूची पूड व डिंक यांचा उठावदार लेप देऊन सोन्याचा वर्ख बसवला जातो. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पूजेच्या मूर्तीला मंद उजेडात उठाव देण्याची गरज मात्र दोन्हीकडे होती, आणि मेणबत्तीच्या किंवा समईच्या प्रकाशात जे काम सोने करते ते दुसरा कोणताही रंग करत नाही.

पंधराव्या शतकात वेदीचित्राची चौकट देवळाच्या दर्शनी भागासारखी दिसू लागली. दोन्ही बाजूंना खांब, वर तुळई व कमान, खाली बैठक आणि त्या बैठकीवर लहान प्रसंगचित्रांची ओळ, अशी ती रचना असे. हे काम मोठे आणि खर्चाचे असल्याने त्याचा करार वेगळा होई, आणि पुष्कळदा तो चित्रकाराशी बोलणे होण्याच्या आधीच होई. फ्लॉरेन्समधील ताग्यांच्या व्यापाऱ्यांच्या, म्हणजे लिनन विकणाऱ्यांच्या, संघाने १४३२ मध्ये आपल्या इमारतीसाठी संगमरवरी चौकट घडवून घेण्याचे ठरवले, तेव्हा तिचा आराखडा लोरेंझो गिबेर्ती या ख्यातनाम शिल्पकाराचा होता. तिच्यात बसणारे चित्र फ्रा अँजेलिको याच्याकडे सोपवले गेले ते पुढच्या वर्षी, जास्तीत जास्त १९० सुवर्ण फ्लॉरिन इतक्या मोबदल्यावर. आधी चौकट आणि मग तिला साजेसे चित्र, हा क्रम त्या काळी कोणालाच उलटा वाटत नव्हता.

याचे याहून ठळक उदाहरण मिलान येथे मिळते. तेथील एका धार्मिक बंधुमंडळाने आपल्या वेदीसाठी जाकोमो देल माइनो या कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडून १४८० ते १४८२ या काळात एक भव्य लाकडी चौकट करवून घेतली. तिच्यावर कोरलेल्या आकृती होत्या आणि सपाट चित्रांसाठी मोकळ्या जागा सोडलेल्या होत्या. त्यानंतर, २५ एप्रिल १४८३ रोजी, तीन चित्रकारांशी ८०० लिरांचा करार झाला. चौकटीवरील कोरीव कामाला रंग व सोने चढवणे आणि मोकळ्या जागांसाठी चित्रे काढणे, असे दोन्ही प्रकारचे काम त्यात होते. त्या तिघांपैकी एक लिओनार्दो दा विंची होता, आणि मधल्या जागेसाठी त्याने काढलेले चित्र म्हणजे ‘खडकांमधील माता’. मोबदल्यावरून निघालेला वाद वीस वर्षांहून अधिक चालला, त्या ओघात चित्राच्या दोन आवृत्त्या झाल्या, आणि आज एक पॅरिसच्या लूव्रमध्ये तर दुसरी लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन्हींचा वरचा भाग कमानीसारखा गोलाकार आहे, आणि हा आकार लिओनार्दोने निवडलेला नव्हता. देल माइनोची चौकट मात्र नष्ट झाली. ज्या वस्तूत भरण्यासाठी चित्र मागवले गेले ती गेली आणि भरणा तेवढा अमर झाला, हा कलेच्या इतिहासातील एक चमत्कारिक न्याय म्हणावा लागेल.

काही चित्रे मूळ चौकटीत मूळ जागी उरली आहेत. व्हेनिसच्या फ्रारी चर्चमध्ये जोव्हान्नी बेल्लिनीचे १४८८ चे तीन भागांचे चित्र याकोपो दा फाएन्झाने कोरलेल्या चौकटीत आजही उभे आहे; चौकटीवरचे कोरीव खांब आणि चित्रात रंगवलेले खांब एकमेकांत इतके बेमालूम मिसळतात की संत खरोखर त्या कोनाड्यात उभे असल्याचा भास होतो. याउलट व्हेरोनाच्या सान झेनो चर्चमधील मान्तेन्याचे वेदीचित्र नेपोलियनच्या फौजेने १७९७ मध्ये फ्रान्सला नेले. मोठी चित्रे पुढे परत आली, पण बैठकीवरील तीन लहान चित्रे लूव्र आणि तूर येथेच राहिली, आणि व्हेरोनाच्या मूळ चौकटीत त्यांच्या जागी नकला बसवल्या आहेत. ड्यूररने न्यूरेंबर्गच्या लांडाउअर कुटुंबासाठी १५११ मध्ये पूर्ण केलेल्या वेदीचित्राची चौकटही स्वतःच आखली होती. आज चित्र व्हिएन्नात आहे आणि चौकट न्यूरेंबर्गमध्ये.

चित्र घरात आले तेव्हा चौकट सुटी झाली. सोळाव्या शतकात लाकडी फळीऐवजी ताणलेल्या कापडावर चित्रे काढण्याची रीत रुळली, चित्रे हलकी झाली, विकत घेता-देता येऊ लागली, आणि चार पट्ट्या कोपऱ्यांत तिरक्या कापून जोडलेली, आतल्या अंगाला चित्र टेकवण्यासाठी खाच ठेवलेली सुटी चौकट हे स्वतंत्र उत्पादन बनले. मधे सपाट पट्टा आणि आत-बाहेर उठावाच्या दोन कडा अशी तिची सर्वांत साधी इटालियन घडण होती, आणि आजही गल्लीतल्या फ्रेमच्या दुकानात टांगलेल्या बहुतेक नमुन्यांचे मूळ तिच्यातच सापडते. निवड आता यजमानाच्या हाती गेली. मायकेलअँजेलोने फ्लॉरेन्सच्या आन्योलो दोनीसाठी काढलेल्या गोल चित्राच्या चौकटीवर पाच कोरीव मस्तकांबरोबर दोनीच्या पत्नीच्या स्त्रोझ्झी घराण्याच्या कुलचिन्हातील चंद्रकोरीही आहेत. पवित्र कुटुंबाच्या चित्राभोवती सासर-माहेरची ही खूण यजमानाच्या हौसेची साक्ष देते.

सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये योग्य चौकटीची व्याख्याच पालटली. काल्व्हिन पंथाच्या प्रभावाखाली चर्चमधून चित्रे हद्दपार झाली होती, ग्राहक होता तो व्यापारी, आणि त्याच्या पांढऱ्या भिंतींच्या घरात सोन्यापेक्षा काळा रंग अधिक प्रतिष्ठित ठरला. त्यासाठी आबनूस, म्हणजे आपल्याकडील टेंभुर्णीच्याच कुळातील काळे, जड लाकूड वापरले जाई. डचांनी १६३८ ते १७१० या काळात मॉरिशसवर वसाहत ठेवली, त्यामागच्या आकर्षणांत तेथील आबनुसाची जंगले होती. एकोणिसाव्या शतकात मराठी मजूर ज्या बेटावर जाऊन स्थायिक झाले ते हेच. हे लाकूड दगडासारखे कठीण, कोरायला गेल्यास चिरफाळणारे, म्हणून त्यावर पाने-फुले न कोरता एका यंत्राच्या साहाय्याने बारीक लाटांसारख्या रेघा उमटवल्या जात. पट्टी एका साच्यावरून पुढेमागे ओढली की वरची पोलादी पाती त्या साच्याच्या चढउतारानुसार वरखाली होई आणि दरखेपेस केसाएवढा पापुद्रा काढी. अशा पट्टीवर खिडकीतला उजेड पडला की काळ्या रंगातच असंख्य बारीक चमका दिसतात. ज्यांना आबनूस परवडत नसे ते नासपतीचे लाकूड काळे रंगवून वापरत. हेर्मान डोमर हा अशा कामातला नावाजलेला कारागीर होता, आणि रेम्ब्रांटने १६४० मध्ये काढलेले त्याचे व्यक्तिचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे; चौकट करणारा स्वतः चौकटीच्या आत बसल्याचे असे दुसरे उदाहरण शोधूनही सहज मिळणार नाही.

याच सुमारास चित्रकाराने या प्रश्नावर विचार करून मत दिल्याचा एक दुर्मीळ पुरावा मिळतो. रोममध्ये राहणाऱ्या निकोला पूसॅंने एप्रिल १६३९ मध्ये शांतलू या पॅरिसच्या संग्राहकाला ‘मान्ना गोळा करणारे इस्रायली’ हे चित्र पाठवताना लिहिले की, त्याला चौकटीची गरज आहे, कारण तिच्यामुळे पाहणाऱ्याची नजर चित्राच्या निरनिराळ्या भागांवरून फिरताना आतच राहते आणि शेजारच्या वस्तूंच्या गर्दीत विखुरत नाही. ती चौकट साधी आणि बिनओपाच्या, मंद सोन्याची असावी, कारण असे सोने रंगांशी भांडत नाही, अशी त्याची विनंती होती. चौकटीच्या कामाचे याहून नेमके वर्णन पुढच्या दोन शतकांत कोणी केले नाही. पण ती विनंतीच होती, आणि ती मानणे न मानणे संग्राहकाच्या मर्जीवर होते.

फ्रान्समधील राजदरबाराची मर्जी वेगळ्या दिशेने गेली. चौदाव्या आणि पंधराव्या लुईच्या काळात चौकट ही दालनातील आरसे, खुर्च्या आणि भिंतींवरील लाकडी नक्षी यांच्या कुळातली वस्तू बनली. तिचे काम वाटलेले असे: सांधे करणारा एक, कोरणारा दुसरा, मुलामा देणारा तिसरा. पांढऱ्या अस्तराचे हात चढल्यावर खालचे कोरीव काम बुजून जाई, म्हणून वाळलेल्या अस्तरातच पुन्हा बारीक हत्यारांनी शिरा, जाळ्या आणि पाकळ्या कोरण्याचे एक निराळे कौशल्य विकसित झाले, आणि अठराव्या शतकातील उत्तम फ्रेंच चौकटीची धारदार लखलख या दुसऱ्या कोरणीतून येते. अशी चौकट आतल्या चित्राहून महाग पडे, हेही काही वेळा घडे. या अभिरुचीपुढे परदेशी चित्रांचे काही चालले नाही. फ्रेंच संग्रहांत आलेल्या डच चित्रांच्या काळ्या चौकटी काढून त्यांना सोनेरी वळणावळणाच्या चौकटी चढवल्या गेल्या, आणि ड्रेस्डेनच्या दरबारी संग्रहात तर अठराव्या शतकाच्या मध्यास इटालियन, डच, फ्लेमिश अशी सारी चित्रे मुकुट व राजाची आद्याक्षरे असलेल्या एकसारख्या चौकटींत बसवली गेली. मालकाची सोय म्हटली की चौकटच काय, चित्रही सुरक्षित नसे. रेम्ब्रांटचे ‘रात्रीचा पहारा’ हे चित्र १७१५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात हलवताना नव्या जागेत मावावे म्हणून चारही बाजूंनी कापले गेले.

एकोणिसाव्या शतकाने सोने स्वस्त केले, निदान सोन्याचा देखावा तरी. खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा गरम असताना कणकेसारखा मऊ राहणारा गोळा लाकडी साच्यांत दाबून पाने, वेली आणि कोपऱ्यांची फुले काढायची, ती साध्या पट्टीवर चिकटवायची आणि वर मुलामा द्यायचा, ही पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस पसरली आणि कोरणाऱ्या कारागिरांचा धंदा हळूहळू बसला. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनाच्या नियमांत सर्व चित्रे सोनेरी चौकटीत असावीत अशी अट होती. त्यामागे एक व्यावहारिक कारणही होते: भिंतीवर छतापर्यंत चित्राला चित्र भिडवून लावले जात असताना रुंद सोनेरी पट्टा हीच दोन चित्रांमधली एकमेव मोकळी जागा असे.

या सोन्याविरुद्धचे बंड रंगशास्त्रातून आले. पॅरिसच्या गोब्लॅं विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप कसे बदलतात यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात चौकटीच्या रंगाचाही विचार केला. पिवळट सोन्याच्या शेजारी निळे-जांभळे रंग भडक होतात आणि पिवळे फिके पडतात, हे एकदा पटले की सोनेरी चौकट तटस्थ राहत नाही. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी हा धडा मनावर घेतला. देगा आणि पिसारो यांनी १८७७ च्या सुमारास आपली चित्रे पांढऱ्या चौकटींत मांडण्यास सुरुवात केली. मेरी कॅसॅटने लाल व हिरव्या चौकटी केल्या, आणि पिसारोने १८८० च्या प्रदर्शनात आपली छापचित्रे पिवळ्या कागदावर चढवून जांभळ्या चौकटींत लावली. देगाच्या टिपणवह्यांत पट्टीच्या आडव्या छेदाची अनेक रेखाटने आहेत, कोठे कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दातेरी, कोठे नळीदार, आणि ती सुताराला हातात देता येतील इतकी नेमकी आहेत. आपले चित्र घेणाऱ्याने चौकट बदलून सोनेरी केली म्हणून त्याने ते चित्र उचलून परत नेल्याची कथा सांगितली जाते. ती कथा कितपत खरी हे बाजूला ठेवले तरी त्याच्या हट्टाबद्दल शंका नाही. लंडनमध्ये व्हिसलरने चौकटीवर स्वतः नक्षी रंगवून आपली फुलपाखराची सही त्या नक्षीतच गुंफली. सरा या चित्रकाराने चित्राच्या कडेलाच ठिपक्यांची रंगीत किनार रंगवली, आणि ‘ला ग्रांद जात’ पूर्ण झाल्यावर काही वर्षांनी अशी किनार त्यालाही जोडली. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये पिवळ्या फळांच्या एका स्थिरचित्राची चौकटही पिवळ्या रंगाने रंगवली आणि चित्र व चौकट पुन्हा एकजीव केली, जशी ती पाचशे वर्षांपूर्वी होती.

हा अधिकार टिकला नाही, कारण चित्र विकायचे होते. पॉल द्युराँ-र्‍युएल या व्यापाऱ्याने इम्प्रेशनिस्टांना आयुष्यभर साथ दिली, १८८६ मध्ये त्यांची चित्रे न्यूयॉर्कला नेऊन अमेरिकन ग्राहक मिळवून दिला, आणि त्याच वेळी ती चित्रे अठराव्या शतकातील धाटणीच्या सोनेरी चौकटींत बसवली. ग्राहकाच्या घरातील जुन्या फर्निचरशेजारी नवे, विचित्र वाटणारे चित्र या चौकटीमुळे आश्वासक दिसे, हा त्याचा हिशेब व्यापारी म्हणून चोख होता. त्याचा परिणाम असा की, चित्रकारांनी स्वतः केलेल्या पांढऱ्या व रंगीत चौकटी हातावर मोजण्याइतक्याच उरल्या, आणि जगातील संग्रहालयांत मोने व पिसारो आजही पुष्कळ ठिकाणी लुईच्या दरबारी पोशाखात उभे आहेत. बर्लिनच्या संग्रहालयांत विल्हेल्म फोन बोडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्राच्या काळातीलच जुन्या चौकटी विकत घेऊन जुन्या चित्रांना देण्याचे धोरण राबवले. ते ड्रेस्डेनच्या गणवेशापेक्षा पुष्कळच शहाणपणाचे होते, तरी एका अनाथ चौकटीत दुसरेच चित्र भरण्याचा तो खेळ होता. जोसेफ ड्यूव्हीन या व्यापाऱ्याने तर अमेरिकन धनिकांसाठी फ्लॉरेन्समध्ये नव्या ‘जुन्या’ चौकटी करवून घेतल्या. चित्रकाराने केलेल्या चौकटींना वाहिलेले मोठे प्रदर्शन ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात भरले ते १९९५ मध्ये.

महाराष्ट्रात हा विषय अद्याप अभ्यासाचा मानला गेलेला नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या छापखान्यातील देवादिकांची चित्रे घरोघरी गेली. पण छापखान्याने कागद विकला, आणि त्याची तसबीर झाली ती काच व पट्टी लावणाऱ्या स्थानिक कारागिराच्या हातून. कोणी चित्रावर जरी व टिकल्या शिवल्या, कोणी देवघराच्या कोनाड्याच्या मापाने कडा कापल्या. मालक ठरवील ती चौकट योग्य, हा युरोपातील दरबारांचा नियम येथे चाळीतल्या भाडेकरूनेही पाळला, आणि त्या निवडीतच त्या घराचा इतिहास आहे. म्हणून ज्यांच्याकडे अशा जुन्या तसबिरी किंवा जुन्या पिढीतील चित्रकारांची तैलचित्रे आहेत, त्यांनी वाळवी लागली किंवा कोपरा सुटला म्हणून चौकट फेकण्यापूर्वी ती उलटी करून पाहावी. मागच्या फळीवर दुकानाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेले माप, प्रदर्शनाचा क्रमांक किंवा तारीख असल्यास तिचे छायाचित्र घ्यावे, आणि चौकट बदलावीच लागली तर जुनी पट्टी चित्राच्या नोंदीसह जपून ठेवावी.